आत्याच्या पिशवीचा बंद

वृषालीनं प्रोजेक्टच्या रिपोर्टमधलं शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी लिहून काढलं. प्रकरणाचं नाव, 'या प्रकल्पातून आम्ही काय शिकलो'. यंत्र अजून जन्माला यायचं होतं, त्याची मोटर अजून भंगारवाल्याकडं कुणाचीतरी वाट बघत पडली होती, पण शिकून मात्र झालं होतं! एकजुटीनं काम करायला शिकलो, वेळेचं नियोजन करायला शिकलो, अपयशातून उभं राहायला शिकलो. अपयश कुठलं, ते सवडीनं बघता येईल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीच्या अंगात एवढी धमक नसेल, तर हॉस्टेलची पातळ आमटी इतकी वर्षं प्यायची कशाला?

प्रोजेक्टमधला तिचा जोडीदार प्रवीण. देवळाली प्रवऱ्याचा, शांत पोरगा. त्यानं ते प्रकरण वाचलं आणि चष्मा पुसला.

"पण आपण अजून काही केलंच नाही."

"करणार आहोत ना? मग शिकणारही आहोत. आत्ता लिहिलं तर बिघडलं कुठं?"

प्रवीणला वृषालीच्या बोलण्यातली भोकं बरोब्बर सापडायची. फक्त ती बोलून निघून गेल्यावर, चहा संपता संपता सापडायची. तोवर काम सुरू झालेलं असायचं.

काम असं होतं, की उसाच्या चरकाला कान बसवायचे.

मिरजगावात सोलापूर रस्त्याला लागून वृषालीच्या वडलांची रसवंती आहे. 'गहिनीनाथ रसवंती गृह'. वडलांचंही नाव गहिनीनाथच. दुकानाला नाव नाथांचं दिलंय, असं ते सांगतात, आणि ऐकणारा 'व्हय व्हय' म्हणून हसतो. दुकान नावाला त्यांचं, चालवते त्यांची थोरली बहीण केशरबाई. वृषालीची आत्या. वृषालीची आई अंगणवाडीत नोकरीला, त्यामुळं ही पोर आत्याच्या मांडीवर, चिपाडांच्या ढिगाशेजारी, चरकाच्या घुंगरांच्या आवाजात लहानाची मोठी झाली. पाळण्याला खेळणं नव्हतं तिच्या. घुंगरं थांबली की रडायची आणि सुरू झाली की झोपायची.

तर मागच्या उन्हाळ्यात काय झालं, आत्याच्या एका हातात ऊस, दुसऱ्या हातात रसाचं पातेलं, आणि पदर गेला चरकाच्या दोन रुळांत! गहिनीनाथ बर्फ आणायला रस्त्यापलीकडं गेलेले. आत्या ओरडली. शेजारचे पंक्चरवाले काकासाहेब टायर टाकून धावले आणि त्यांनी चरकाचा खटका दाबला. वीतभर पदर गोड झाला, बाकी काही नाही. आत्यानं तो धुतला, वाळवला आणि दुसऱ्या दिवशी तेच लुगडं नेसून ती गल्ल्यावर बसली. पण वृषालीच्या डोक्यातून तो पदर काही निघाला नाही.

"आत्या, तुझे दोन्ही हात गुंतलेले असतात ना? मग चरक तुझ्या तोंडाच्या शब्दावर चालला पाहिजे. मी त्याला कान बसवते."

"बसव," आत्या म्हणाली. "उरलंसुरलं तर माझ्या भावालाबी बसव."

कान बसले बरं का! हिवाळा सरता सरता चरक ऐकायला लागला. 'चालू' म्हटलं की चालू, 'वाढव' म्हटलं की वेग वाढला, 'कमी' म्हटलं की उतरला, 'बंद' म्हटलं की थांबला. फक्त पहिल्या दिवशी तो सगळ्यांचंच ऐकत होता. एक ट्रकवाला बाकड्यावर बसून मालकाला फोनवर सांगायला लागला, "गाडी चालू आहे शेठ, आत्ता चालूच आहे," तर चरक खडखडत सुरू! ट्रकवाल्याच्या हातातला ग्लास उडाला आणि शेठला वाटलं अपघात झाला.

मग वृषालीनं ठरवलं, चरकानं ऐकायचं ते फक्त आत्याचं. जगातल्या दुसऱ्या कुणाचंही नाही. त्यासाठी चरकाला आत्याचा आवाज ओळखीचा करून द्यायचा, म्हणजे तेच ते शब्द तिच्या तोंडून पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचे. इथं अडलं. मोबाईल समोर धरला की आत्या पदर सावरून ताठ बसायची आणि "नमस्कार मंडळी, मी केशरबाई बोलत आहे," असं बातम्यांतल्यासारखं बोलायची. त्या आवाजात तिनं आयुष्यात कधी रस काढला नव्हता.

वृषालीनं युक्ती केली. मोबाईल लपवला आणि आत्याला आत्यासारखं बोलू दिलं. 'चालू' मिळाला सकाळी, 'पान्याची मोटर चालू कर' अशी भावाला हाळी देताना. 'वाढव' मिळाला टीव्हीसमोर, कारण आत्याला मालिकेतल्या सासूचा आवाज कधीच पुरत नाही. 'कमी' मिळाला चहातल्या साखरेवरून. आणि 'बंद' मिळाला पिशवीवरून.

ही पिशवी म्हणजे आत्याची कापडी पिशवी, चट्ट्यापट्ट्यांची, दोन बंदांची. त्यातला एक बंद दिवाळीत तुटला. आत्याला हल्ली सुईत दोरा दिसत नाही, म्हणून तिनं ते काम वृषालीवर सोपवलं. तेव्हापासून घरात बंदाचा जप सुरू होता. "वृषे, बंद शिवला का?" "आज बंद शिवते म्हनली हुतीस." "इंजिनेर हुनार पोरगी, आन् पिशवीचा बंद शिवंना!" वृषाली आधी आळसानं शिवत नव्हती, नंतर संशोधनासाठी शिवेना. बंद शिवला असता, तर बंद मिळाला कुठून असता?

आवाज चरकात भरून झाला, मोबाईलमधली रेकॉर्डिंगं जागेपायी पुसून झाली, तशी वृषालीला इतकी हिंमत आली की परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं चरकाचा जुना खटकाच काढून टाकला. खटका दिसला की माणूस खटक्याकडं धावतो, आवाजावर भरवसा ठेवत नाही, असं तिचं म्हणणं. गहिनीनाथांनी तो खटका गुपचूप उचलला आणि फडक्यात बांधून गल्ल्यात ठेवला. वर लाईट गेली तर घोटाळा नको, म्हणून प्रवीणनं चरकाच्या पोटाखाली इन्व्हर्टर-बॅटरीचं खोकं बसवलं आणि कुणी हात लावू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी स्क्रू ठोकले. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण सावधपणा केला.

परीक्षेचा दिवस आला मे महिन्यात. एवढा जड चरक नगरच्या कॉलेजात कोण नेणार? बाहेरचे परीक्षक वैजनाथ सर सोलापूरकडून नगरला येणार होतेच, म्हणून ठरलं की त्यांनी वाटेत मिरजगावला उतरून यंत्र तिथंच बघावं. सर आले. उन्हाचा जाळ, आणि सरांचा शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. वृषालीनं त्यांना अगदी चरकाजवळची खुर्ची दिली. मानाची!

मग ती आत्याच्या कानाशी लागली. "आत्या, अजिबात घाबरू नको. तू रोज बोलतेस तशीच बोल. एक शब्द इकडचा तिकडं करू नको."

हे वाक्य लक्षात ठेवा. वृषालीला ते आता आयुष्यभर लक्षात राहणार आहे.

आत्यानं देवाच्या तसबिरीला हात जोडले, ऊस उचलला आणि म्हणाली, "चालू." घुंगरं छुमछुमली, रसाची धार लागली. बाकड्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'कमी' म्हटलं, घुंगरं हळू झाली. सरांनी मान डोलावली. वृषालीनं प्रवीणकडं असं बघितलं, जसं की आता नोकरीची पत्रं टपालातून यायचीच बाकी आहेत.

"छान," सर म्हणाले. "आता थांबवा बघू."

आत्यानं हात पुसले, चरकाकडं मायेनं बघितलं आणि रोज संध्याकाळी म्हणते तेच म्हणाली.

"वाढव."

आता तुम्हाआम्हाला सांगायला नको, की चालता धंदा कुणी तोंडानं 'बंद' करत नाही. दुकान वाढवतात, दिवा वाढवतात, नारळ वाढवतात, हातातली बांगडी फुटली तरी ती वाढलीच म्हणायची असते. वृषालीनं हे जन्मल्यापासून ऐकलेलं. पण ते होतं आत्याच्या मांडीवरचं ज्ञान, आणि प्रोजेक्ट होता लॅपटॉपमधला. दोघांची गाठ पडली ती थेट परीक्षकांसमोर!

चरकाला लहानपण नव्हतं. त्यानं वेग वाढवला.

"थांबवा म्हटलं मी," सर म्हणाले.

"तेच की," आत्या म्हणाली, आणि चरकाकडं वळून जरा दरडावून, "वाढव म्हनलं ना रं!"

घुंगरांचा आवाज आता लग्नातल्या घोड्यासारखा यायला लागला. वृषाली पुढं धावली. "आत्या, वाढव नको म्हणू!"

"मग काय म्हनू? दुकान वाढवत्यात, दिवा वाढवत्यात, नारळ वाढवत्यात..."

एकेका वाढवण्यासरशी चरक वर चढत होता. त्याला शब्दाचं डोकं ऐकू आलं की पुरे, शेपटाशी त्याला देणंघेणं नव्हतं. 'नारळ'पाशी तो पोचला तेव्हा दुकानाचे पत्रे थरथरत होते. गहिनीनाथांना भलतीच काळजी पडली. रिकामा चरक असा पळाला तर रूळ एकमेकांवर घासून कामातून जातील, म्हणून ते लांब उभे राहून त्यात ऊस ढकलत राहिले. एक संपला की दुसरा. पातेलं भरलं, बादली भरली, मग रस कुठंही जायला लागला. मानाच्या खुर्चीकडं तो सगळ्यात आधी गेला.

"आत्या, बंद म्हण! नुसतं बंद म्हण!"

आत्याचा चेहरा दगडासारखा झाला. "दुकानात त्यो शब्द न्हाई."

आणि वृषालीला एकदम आठवलं. करोनाच्या वर्षी याच दुकानावर कुणीतरी पाटी ठोकून गेलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात 'बंद'. उन्हाळा आला आणि गेला, चरकावर जाळी धरली, तरी ती पाटी तिथंच. पुढं सूट मिळाली त्या दिवशी आत्यानं पाटी उपटली, चुलीत घातली, आणि त्याच जाळावर चहा करून सगळ्यांना पाजला. तेव्हापासून या छपराखाली आत्यानं तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता.

पण आता विचार करायला वेळ कुठं होता? वृषाली ओरडली "बंद!" प्रवीण ओरडला "बंद!" गहिनीनाथ ओरडले, बाकड्यावरची माणसं ओरडली. चरक ढिम्म! त्याला फक्त आत्याचं ऐकायला शिकवलेलं, आणि तो शिकवल्याप्रमाणं वागत होता.

वीसेक माणसं रस्त्याकडंला उभी राहून "बंद! बंद!" ओरडतायत म्हटल्यावर बाजारपेठेनं काय समजायचं? किराणावाल्यानं शटर ओढलं. त्याचं बघून मेडिकलवाल्यानं ओढलं. हॉटेलवाल्यानं तळत्या भज्यांसकट कढई आत घेतली. नगरची एसटी थांब्यावर न थांबता जरा पुढं जाऊन उभी राहिली आणि कंडक्टरनं खिडकीतून मुंडकं काढून विचारलं, "रस्ता सुरू हाय का?"

प्रवीण काकासाहेबांच्या दुकानाकडं पळाला, कारण रसवंतीचं मेन स्विच त्यांच्या भिंतीवर. काकासाहेबांचं शटर बरोब्बर त्याच्या नाकासमोर खाली आलं.

"काका, उघडा!"

"आज बंद हाय," आतून काकासाहेब म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "कशासाठी हाय रं?"

कसंबसं शटर वर झालं, प्रवीणनं मेन स्विच खाली ओढलं, आणि त्याच क्षणी इन्व्हर्टरनं काम हाती घेतलं. घुंगराचा एक ठोकासुद्धा चुकला नाही! अख्ख्या प्रोजेक्टमधली एवढी एकच गोष्ट त्या दिवशी ठरल्याप्रमाणं चालली. प्रवीण स्क्रू काढायला खोक्यापाशी बसला, तर वरून रसाची धार थेट चष्म्यावर.

वृषाली मधोमध उभी होती. रस तिच्या कोपरांवरून ठिबकत होता आणि सरांचा शर्ट काविळीसारखा पिवळा झाला होता. डिग्री, नोकरी, कान बसवलेला चरक, सगळं डोळ्यांसमोर वाहून चाललं होतं. आणि तेवढ्यात तिला खिळ्यावर ती दिसली. चट्ट्यापट्ट्यांची, एक बंद धड, दुसरा लोंबकळता.

तिनं झडप घालून पिशवी काढली आणि आत्याच्या नाकासमोर धरली. "आत्या, हे काय तुटलंय गं?"

जग बुडत असलं तरी काही जखमा ताज्याच असतात.

"बंद!" आत्या कडाडली. "दिवाळीपासनं सांगती मी..."

चरक थांबला.

शेवटचं घुंगरू उगाच एकदा वाजलं. आत्या मात्र बोलतच राहिली. सुईला गंज चढला, दोरा उंदरानं नेला, शेजारणीच्या पोरीनं आख्खी गोधडी शिवली. सगळं बोलून झाल्यावर तिनं चरकाकडं बघितलं आणि म्हणाली, "दमलं वाटतं."

वैजनाथ सरांनी रुमालानं तोंड पुसलं. गहिनीनाथांनी काही न सुचून त्यांच्या हातात रसाचा ग्लास दिला. सरांनी तो प्यायला, हेही कबूल केलं पाहिजे.

"परवा मी याच रस्त्यानं परत जाणार आहे," ते वृषालीला म्हणाले. "मला दोनच गोष्टी बघायच्यात. शब्दावर सुरू झालं पाहिजे आणि शब्दावर थांबलं पाहिजे. आज जे थांबलं, ते कशानं थांबलं ते मला कळलेलं नाही, म्हणून त्याचे मार्क मी देत नाही आणि कापतही नाही."

ते गेले. बाजारपेठ उघडायला मात्र संध्याकाळ झाली. बंद कुणी पुकारला तेच माहीत नव्हतं, मग मागं कुणी घ्यायचा?

प्रवीणचं म्हणणं सरळ होतं. 'वाढव' म्हटलं की थांबायचं, असं करून टाकू, दोन ओळींचा बदल. वृषालीनं त्याला वेड्यात काढलं. परीक्षेच्या तोंडावर चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे इंजिनिअरिंगमधलं पहिलं शहाणपण. पिशवी दाखवली की चरक थांबतो, हे सिद्ध झालेलं आहे! परवासुद्धा तेच करायचं, आत्याला काहीएक न सांगता. प्रवीणला यातलं भोक दिसलं, पण तोवर तो नगरच्या गाडीत बसला होता.

गहिनीनाथांनी गल्ल्यातून फडकं काढलं, खटका पुसला आणि मुकाट्यानं चरकाला परत बसवला. वृषालीनं त्यांना पाना धरून दिला. नको म्हणायला तोंड होतं कुठं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. आत्या बाकड्यावर तिच्याशेजारी येऊन बसली.

"वृषे, खरं सांग. माझ्यामुळं तू नापास हुतीस का?"

"नाही गं."

"त्यो शब्द म्हनल्याशिवाय हे थांबत न्हाई, एवढं मला कळतंय. येडी न्हाई मी." आत्या पदराशी चाळा करत होती, वीतभर डाग पडलेल्या त्याच पदराशी. "उद्या म्हनीन मी. तुझ्यासाठी म्हनीन. नाथांची माफी मागीन मग."

वृषालीनं तिचा हात धरला. "नको," ती म्हणाली. "तुझ्या दुकानात तो शब्द नको. मी बघते काय करायचं ते."

आणि त्या मायेच्या भरात, डोळे भरलेले असताना, काहीतरी करावंसं वाटून तिनं काय केलं असेल? खिळ्यावरची पिशवी घेतली, सुईदोरा मागितला, आणि बंद शिवायला बसली! आत्या शेजारून शिकवत होती. टाका असा घाल, दोरा ओढू नको, गाठ आतून मार. वृषालीच्या बोटांना सुई इतकी टोचली की सर्किट जोडताना कधी एवढं रक्त निघालं नव्हतं. पण शिवला. आत्यानं बंद ओढून बघितला, पिशवी खांद्याला लावून रस्त्यापर्यंत जाऊन आली, काकासाहेबांना दाखवून आली. वृषालीला वाटलं, आयुष्यातलं एक तरी काम आज पुरं झालं.

एका डोक्यात दोन गोष्टी एकदम मावत नाहीत, हे इथं लक्षात घ्या.

परवाचा दिवस उजाडला. वैजनाथ सर आले. यावेळी शर्ट गडद निळा होता, आणि मानाची खुर्ची त्यांनी स्वतः उचलून दूर नेऊन ठेवली. शेजारच्या दुकानदारांनी शटरांच्या आकड्या हाताशी धरून ठेवल्या होत्या. आत्या म्हणाली "चालू." चरक सुरू झाला. घुंगरं छुमछुमली. आत्या म्हणाली "कमी." कमी झालं.

"थांबवा," सर म्हणाले.

वृषालीनं प्रवीणकडं बघून डोळा मिचकावला, खिळ्यावरची पिशवी रुबाबात काढली, आणि आत्यासमोर धरून विचारलं, "आत्या, हे काय तुटलंय गं?"

आत्याचं तोंड हसण्यानं भरून गेलं. "काईच न्हाई की. तूच शिवलंस ना काल!"

वृषालीनं पिशवीकडं बघितलं. दोन्ही बंद धड. एकावर लाल दोऱ्याचे टाके, तिचे स्वतःचे. मागं प्रवीणनं अगदी हळू, सुस्कारा टाकावा तसं म्हटलं, "हेच, हेच ते भोक."

चरक चालत होता. सर घड्याळ बघत होते. आत्यानं पोरीच्या पडलेल्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचे ओठ जरा हलले. वृषालीला कळलं, ती तो शब्द म्हणणार. तसबिरीसमोर, या छपराखाली, इतक्या वर्षांचं तोंड आवरणं सोडून म्हणणार. वृषालीनं जोरात मान हलवली. नको. आणि तिनं खटक्याकडं हात नेला. खटका दाबला की चरक थांबेल, प्रोजेक्ट पडेल, पण दुकानाचं दुकानपण राहील. दुसरा काही हिशोब तिला त्या क्षणी सुचला नाही.

तेवढ्यात आत्यानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि ती तुरुतुरु सरांच्या खुर्चीपाशी गेली.

"सायेब, ते यंत्राचं ऱ्हाऊ द्या. आमच्या पोरीनं काय शिवलंय ते बघा आधी."

सर गोंधळले. "काय शिवलंय?"

आत्यानं तसबिरीकडं एक नजर टाकली, वृषालीकडं एक टाकली, आणि पिशवी सरांच्या डोळ्यांसमोर नाचवत, चांगला खणखणीत आवाज काढून म्हणाली,

"बंद!"

चरक थांबला.

घुंगरू या वेळी वाजलं नाही. आत्या मागं वळूनही न बघता सरांना टाके दाखवत होती, लाल दोरा कसा निवडला, गाठ कशी आतून मारली. तिनं दुकानाला काही म्हटलं नव्हतं, यंत्रालाही म्हटलं नव्हतं. पिशवीला काय पाहिजे ते म्हणता येतं. वृषालीचा हात खटक्यावर तसाच राहिला होता आणि तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही केलं. काकासाहेबांनी सवयीनं अर्धं शटर खाली ओढलं होतं, ते परत वर ढकललं.

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सुरू झालं, थांबलं. खटका आहे का? आहे. मग त्यांनी रिपोर्ट उघडला, पानं उलटत थेट शेवटच्या प्रकरणावर आले, आणि चष्म्यावरून वृषालीकडं बघितलं.

"हे पाठ केलेलं सांगू नका," ते म्हणाले. "खरं सांगा. या प्रोजेक्टमधून तुम्ही काय शिकलात?"

एकजूट, नियोजन, अपयश, उभं राहणं, ती सगळी पानं वृषालीच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. तिला फक्त बोटं हुळहुळताना जाणवत होती.

"शिवायला, सर."

"तेबी वाकडं," आत्या म्हणाली.